मोटारीची उंची उतरविताना : आखूड स्प्रिंग की कॉइलओव्हर?

मालवण तालुक्यातील मसुरे हे गड नदीच्या काठचे, भरतगडाच्या पायथ्याचे गाव. येथील आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा पंचांगातील तिथीवरून नव्हे, तर देवीच्या कौलावरून ठरते. आणि ती ठरली की मुंबईची चाकरमानी मंडळी मोटारी घेऊन गावी येतात. मोटार तीच, जी एरवी रोज कचेरीला नेते-आणते. अशा मोटारीची उंची कमी करून घेण्याची हौस अलीकडे तरुण वर्गात दिसते. तिच्या पूर्तीचे दोन मार्ग आहेत. मूळ स्प्रिंगा काढून त्याजागी आखूड व थोड्या अधिक ताठ स्प्रिंगा बसविणे हा एक. आणि कॉइलओव्हर, म्हणजे आटे पाडलेल्या नळीवर उंची बदलता येणारी स्प्रिंग व तिला जुळणारा धक्काशोषक यांचा संच बसविणे हा दुसरा. या दोहोंतून निवड कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हौस योग्य की अयोग्य, हा प्रश्न येथे घेतलेला नाही. मात्र हिशेब केल्यावाचून ती पुरवू नये, असे आमचे मत आहे.

भाराच्या प्रमाणात स्प्रिंग दबते, हा नियम रॉबर्ट हुक याने १६७८ साली प्रसिद्ध केला. आपल्या प्रश्नाचा बहुतेक उलगडा त्यातूनच होतो. उदाहरणादाखल एका लहान मोटारीचे मागील चाक घेऊ. चाकाशी मोजलेला स्प्रिंगेचा ताठपणा दर मिलिमीटरला २ किलो आहे आणि रिकामी मोटार उभी असता ते चाक, बंप रबराला टेकेपर्यंत, ७० मिलिमीटर वर उचलू शकते, असे धरू. या ७० मिलिमीटरांस आपण ‘धाव’ म्हणू. खड्ड्याचा वा गतिरोधकाचा धक्का पचवायचा तो या धावेतच. ती संपली की स्प्रिंगेचे काम थांबते आणि आघात रबरामार्गे थेट सांगाड्यात व बसणाऱ्याच्या पाठीत शिरतो.

आता मोटार ३० मिलिमीटर उतरविली. धाव उरली ४०. स्प्रिंगेत साठणारी ऊर्जा धावेच्या वर्गाच्या प्रमाणात असते; म्हणून पूर्वीइतकाच धक्का ४० मिलिमीटरांत पचवायचा, तर ताठपणा सत्तर भागिले चाळीस याच्या वर्गाइतका, म्हणजे तिपटीहून किंचित अधिक हवा. तसे केल्यास मोटारीची आंदोलने पावणेदोन पट जलद होतील आणि रोजचा प्रवास असह्य होईल. म्हणून विक्रीस येणाऱ्या स्प्रिंगा इतक्या ताठ नसतात. ताठपणा सव्वापट धरला, तर पचविता येणारी ऊर्जा मूळच्या सुमारे ४१ टक्के भरते. उरलेला भार बंप रबरावर पडतो. ‘स्प्रिंगा घातल्यापासून गाडी दणके देते’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. दोष स्प्रिंगेच्या दर्जाचा असेलच, असे नाही.

जत्रेचा प्रवास लक्षात घेतला की हा हिशेब अधिक कठोर होतो. मागची तीन माणसे व सामान मिळून मागील धुरीवर १५० किलो भार वाढला, तर प्रत्येक चाकावर ७५ किलो येतात. मूळ स्प्रिंग साडेसदतीस मिलिमीटर दबून सुमारे ३२ मिलिमीटर धाव शिल्लक ठेवते. सव्वापट ताठ स्प्रिंग ३० मिलिमीटरच दबते, पण तिच्यापाशी मुळात चाळीसच होते, उरले १०. एवढ्या पुंजीवर महामार्ग सोडून मसुऱ्यापर्यंतचा रस्ता कापावयाचा, तोही सालोसाल सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलखातला.

पोटाखालच्या मोकळिकीची गोष्ट वेगळी. इंडियन रोड्स काँग्रेसने गोलाकार गतिरोधकासाठी सुचविलेले माप १७ मीटर त्रिज्या, ३.७ मीटर रुंदी व १० सेंटिमीटर उंची असे आहे. २.४ मीटर चाकांतर असलेली मोटार त्यावर मध्यभागी आली, तर चाकेही उंचवट्यावरच असल्याने पोटाखालची मोकळीक फक्त सव्वाचार सेंटिमीटरने घटते. भार घेतलेल्या, उतरविलेल्या मोटारीची मोकळीक १२ सेंटिमीटर असली, तरी ती पार होते. पण गावोगावच्या गतिरोधकांना हे माप कोणी सांगितलेले नसते! अरुंद उंचवटा दोन्ही चाकांच्या मध्ये आला की त्याची सगळी उंची मोकळिकीतून वजा होते. तो १२ सेंटिमीटर असेल, तर पोट घासलेच. येथे स्प्रिंग आणि कॉइलओव्हर यांत काही फरक नाही.

मग कॉइलओव्हरचा लाभ कोणता? याविषयी एक गैरसमज प्रचलित आहे. आट्यांवरील कडे फिरविले की स्प्रिंग ताठ होते, असे पुष्कळांस वाटते. सरळ ताठपणाच्या स्प्रिंगेबाबत ते खरे नव्हे. मोटारीच्या भाराखाली तिचा ताठपणा तोच राहतो, उंची मात्र बदलते. साध्या संचात कडे खाली नेऊन उंची कमी केली, तर धावही तितकीच जाते, म्हणजे आखूड स्प्रिंगेचेच दुखणे दामदुप्पट किमतीत. ज्या संचात धक्काशोषकाची नळी खालच्या पकडीत आट्यांनी आत-बाहेर सरकते, त्यात त्याची लांबीच कमी करता येते आणि धाव बरीचशी राखता येते. खरा लाभ हा. दुसरा लाभ जुळलेल्या धक्काशोषकाचा. ताठपणा सव्वापट झाला की आंदोलने पूर्वीसारखीच शमविण्यास सुमारे १२ टक्के अधिक रोध लागतो. नवा मूळ धक्काशोषक तेवढे कसेबसे निभावून नेतो. ६०–७० हजार किलोमीटर चाललेला नाही. आणखी असे की, अनेक लहान मोटारींत मागे स्प्रिंग व धक्काशोषक मुळातच वेगवेगळे असतात. त्यांच्यासाठीच्या संचात मागचा भाग नावापुरताच कॉइलओव्हर असतो.

किनाऱ्याच्या खाऱ्या हवेचाही विचार हवा. पावसाळ्यातील चिखल व क्षार आट्यांत बसतात, कडे जाम होते, आणि ज्या सोयीसाठी पैसे मोजले ती दोन पावसांत नाहीशी होते. आटे धुऊन ग्रीस लावणे ज्याच्याने होणार नाही, त्याने या वाटेस जाऊ नये. जत्रेपुरती उंची वाढवून घेऊ, हेही बोलण्याइतके सोपे नाही. उंची बदलली की चाकांचा कल बदलतो आणि अलाइनमेंट पुन्हा करावे लागते.

आमच्या मते रोजच्या मोटारीस, उतरवायचीच असेल तर, २० ते २५ मिलिमीटरपर्यंतच्या, त्याच मोटारीसाठी घडविलेल्या स्प्रिंगा व सोबत नवे धक्काशोषक पुरेत. त्याहून खाली जायचे, तर नळीची लांबी बदलणारा कॉइलओव्हरच घ्यावा. मूळ स्प्रिंगेचे वेढे कापून घेणे हा तिसरा, फुकटचा मार्ग सर्वथा वर्ज्य. सहातला एक वेढा गेला की ताठपणा पाचवा हिस्सा वाढतो, धाव जाते, आणि चाक लोंबकळले असता सैल झालेली स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकास करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ कडकपणे लावला. खरेदीपूर्वी परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

आपल्या मोटारीत किती धाव शिल्लक आहे, हे पाहण्यास यंत्र लागत नाही. धक्काशोषकाच्या दांड्यावर, जेथे तो उघडा दिसतो तेथे, प्लॅस्टिकची बारीक पट्टी आवळून नळीला टेकवून ठेवावी आणि पाच माणसे घेऊन नेहमीच्या रस्त्याने जाऊन यावे. नळीने ढकललेली पट्टी जेथे थांबली असेल, तेथून बंप रबरापर्यंतचे अंतर मोजावे. ते ३० मिलिमीटरांहून कमी भरले, तर मोटार ३० मिलिमीटर उतरविण्यास तेवढी जागाच नाही.