यंत्राला विचारून बांधलेला कर्नल

लिनक्सचा कर्नल स्वतः बांधायला घेतला की आधी प्रश्नांचा डोंगर समोर येतो. डिस्कचा कंट्रोलर कुठला, नेटवर्क कार्ड कोणते, साउंड चिप कोणती? आजच्या कर्नलमध्ये असे पर्याय दहा हजारांहून अधिक आहेत. एवढी माहिती माणसाने का भरावी? आपल्या पोटात काय आहे हे संगणकालाच सांगता यायला हवे. ते त्याला बऱ्याच अंशी येते, पण ही सोय सुरुवातीपासून नव्हती.

जुन्या पीसीतल्या आयसा बसवरच्या कार्डांना स्वतःची ओळख सांगता येत नसे. ड्रायव्हरला ठरावीक पोर्ट चाचपून अंदाज बांधावा लागे. एनई २००० हे नेटवर्क कार्ड शोधताना त्याच पत्त्यावर भलतेच कार्ड असले, तर अख्खे यंत्र गोठून जाई. म्हणून अमुक पोर्टला हात लावू नकोस, असे लिनक्सला सुरू होतानाच बजावण्याची सोय ठेवावी लागली होती.

१९९२ साली पीसीआय बस आली आणि अंदाजाची जागा हजेरीने घेतली. पीसीआयच्या प्रत्येक उपकरणात २५६ बाइटची एक नोंदवही असते. तिच्या पहिल्या दोन बाइटमध्ये उत्पादकाचा क्रमांक, पुढच्या दोनमध्ये उपकरणाचा. इंटेलचा क्रमांक सोळा-आधारी पद्धतीत ८०८६, म्हणजे त्यांच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा. कर्नल एकेका जागेवर जाऊन हा क्रमांक वाचतो. जागा रिकामी असेल तर सगळे बिट १ येतात. प्रत्येक ड्रायव्हरकडे आपल्याला चालणाऱ्या क्रमांकांची यादी असते. जुळणी झाली की त्या ड्रायव्हरचे मॉड्यूल मेमरीत चढते. यूएसबी उपकरणेही जोडताक्षणी अशीच ओळख देतात.

एवढे झाल्यावर कर्नलची मांडणी आपोआप करण्याची इच्छा होणारच. २००० च्या सुमारास एरिक रेमंड यांनी सीएमएल-२ या त्यांच्या नव्या मांडणी-पद्धतीसोबत तसा प्रयत्न केला. कर्नलमध्ये तो स्वीकारला गेला नाही. २००९ मध्ये स्टीव्हन रोस्टेड यांचे ‘लोकलमॉडकॉन्फिग’ आले आणि ते टिकले. त्याची युक्ती मला फार आवडते. ते हार्डवेअर तपासायला जातच नाही. चालू कर्नलमध्ये या घडीला कोणती मॉड्यूल चढलेली आहेत तेवढे पाहते, त्यांना लागणारे पर्याय ठेवते आणि बाकीची मॉड्यूल वगळते. ओळख पटवण्याचे अवघड काम चालू कर्नलने आधीच केलेले असते! बांधणीचा वेळ त्यामुळे खूप घटतो.

मात्र मोबाइल आणि छोट्या बोर्डांवरच्या एआरएम चिपच्या जगात पुन्हा अडचण येते. तिथल्या आय-टू-सी बसवरच्या तापमापकाला ‘तू कोण’ असे विचारण्याची ठरलेली रीत नाही. म्हणून बोर्डाचा नकाशाच ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या फाइलमध्ये लिहून कर्नलच्या हाती दिला जातो. तो लिहितो माणूसच.

‘लोकलमॉडकॉन्फिग’ची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. त्याला फक्त आज हजर असलेले दिसते. कपाटात पडलेल्या वेबकॅमचे किंवा महिन्यातून एकदा जोडायच्या यूएसबी नेटवर्क अडॅप्टरचे मॉड्यूल चढलेले नसेल, तर नव्या कर्नलमध्ये ते नसेल. तेव्हा ही आज्ञा देण्यापूर्वी नेहमी लागणारे प्रत्येक उपकरण एकदा जोडून घ्या, आणि बूट मेन्यूतला जुना कर्नल लगेच काढून टाकू नका.