वैद्यक परिषदेची खुर्ची ही माऱ्याची जागा

आपल्या समाजातला मुलगा वा मुलगी डॉक्टर झाली की वस्तीत पेढे वाटले जातात, बुद्धविहारात सत्कार होतो, चौकात फलक लागतो. ते व्हायलाच हवे. ज्यांना अक्षराचीही बंदी होती, त्यांच्या नातवंडांच्या गळ्यात स्टेथोस्कोप आला, ही लहान गोष्ट नाही. पण डॉक्टरची नोंदणी जिथे होते, त्याच्याविरुद्धची तक्रार जिथे ऐकली जाते आणि त्याची नोंदणी जिथे रद्द होऊ शकते, त्या वैद्यक परिषदेच्या टेबलाभोवती कोण बसते, हे आपण कधी विचारले आहे काय? आम्हाला वाटते, विचारलेले नाही. प्रवेशाची लढाई आपण लढलो, नोकरीची लढलो. न्यायनिवाडा करणारी खुर्ची मात्र दुसऱ्यांसाठी मोकळी सोडली.

महाराष्ट्र वैद्यक परिषद १९६५ च्या कायद्याने चालते. तिचे काही सदस्य नोंदणीकृत डॉक्टर मतदान करून निवडतात, काही सरकार नेमते. कोणाची नोंद करायची, कोणाला ताकीद द्यायची, कोणाचे नाव काही काळासाठी वा कायमचे नोंदवहीतून काढायचे, हा अधिकार या मंडळींचा. नाव गेले की डॉक्टरकी गेली. म्हणजे सदस्यत्व हे मानाचे पान नव्हे, ती सत्ता आहे.

या सत्तेशी जातीचा काय संबंध, असे कोणी साळसूदपणे विचारील. उत्तर बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत त्यांनी तिथे दिली आहे. ती १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त छापून आली होती. त्या शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर आला तो अटीवर, की बाईला वस्तीबाहेर आणायचे. तान्ह्या मुलासह बाळंतिणीला बाहेर आणले गेले. थर्मामीटर डॉक्टरने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला. नाडीला हात न लावता न्यूमोनियाचे निदान झाले. पुन्हा यायला डॉक्टरने नकार दिला आणि ती माउली गेली. बाबासाहेबांनी बोट ठेवले ते नेमक्या जागी: हा डॉक्टर अडाणी नव्हता, आपल्या धंद्याचा धर्म तो शिकला होता. तरी विटाळ मोठा ठरला आणि जीव लहान.

तेव्हापासून जवळपास शंभर वर्षे झाली. आज डॉक्टरांचे वर्तन ज्या नियमांनी तोलले जाते, ते २००२ चे आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. पुन्हा २००२ चेच लागू झाले. या नियमांना जोडलेल्या प्रतिज्ञेत डॉक्टर सांगतो, की धर्म, राष्ट्रीयत्व, वंश, पक्षीय राजकारण आणि सामाजिक दर्जा यांना मी माझे कर्तव्य व रुग्ण यांच्यामध्ये येऊ देणार नाही. यादी पुन्हा वाचा. त्यात जात नाही! ज्या देशात सोनोग्राफीच्या रांगेतही आडनाव ऐकून नजर बदलते, त्या देशाच्या डॉक्टरी प्रतिज्ञेला जात आठवली नाही. परदेशातला नमुना उचलला आणि घरचा रोग लिहायचा राहिला.

‘सामाजिक दर्जा’ या शब्दांत जात आलीच की, असा युक्तिवाद होईल. मग संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असे शब्द वेगवेगळे का लिहिले? कारण संविधानकर्त्यांना ठाऊक होते, की जी गोष्ट नावाने लिहिली जात नाही तिची तक्रारही नोंदवली जात नाही. मोघम शब्दाआड पळवाट असते, आणि पळवाट कोणाच्या उपयोगी पडते हे आम्ही सांगायला नको.

नियम बदलता येत नाहीत, हेही खोटे आहे. समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींना ‘बरे करण्या’च्या नावाखाली होणारे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्य परिषदांना कळवले. मद्रास उच्च न्यायालयाने रेटा लावला म्हणून ते घडले. आम्ही त्याचे स्वागत करतो. मग त्याच लेखणीने ‘जातीवरून रुग्णाला वा सहकाऱ्याला दिलेली वागणूक हे गैरवर्तन आहे’ हे एक वाक्य लिहायला कोणी अडवले आहे? अडवले नाही कोणी, तसा आग्रह धरणारा आत नाही, ही खरी गोम आहे.

सहकाऱ्याला, असे आम्ही मुद्दाम म्हटले. २२ मे २०१९ रोजी मुंबईत नायर रुग्णालयाच्या वसतिगृहात डॉ. पायल तडवी यांनी जीवनयात्रा संपवली. तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी ही मुलगी. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीय छळाचा आरोप झाला, प्रकरण न्यायालयात गेले. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. पण डॉक्टरने डॉक्टरशी कसे वागावे हा तर परिषदेच्या घरचा विषय! कनिष्ठ डॉक्टरला रोजच्या रोज जातीवरून टोचले जात असेल, तर तिने आपल्याच व्यवसायाच्या दारात कोणत्या नियमाचा आधार घेऊन तक्रार करायची?

आता वरची रचना पाहू. जुन्या भारतीय वैद्यक परिषदेच्या अध्यक्षाला २०१० मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून अटक झाली, परिषद बरखास्त झाली, आणि अखेर २०१९ च्या कायद्याने राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. सदस्य ३३. निवडणुकीत पैसा चालतो, म्हणून नेमणुका आल्या. पण निवडणूक असो वा नेमणूक, आमच्या वाट्याला काय? सदस्यांची रचना सांगणाऱ्या कलम ४ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी एकही जागा राखलेली नाही. संसदेला असे लिहिता येत नाही असे नाही. २०१३ च्या लोकपाल कायद्यात तिनेच लिहिले, की किमान निम्मे सदस्य अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक आणि महिला यांतले असावेत. महाराष्ट्रात विद्यापीठाच्या सिनेटवर पदवीधरांच्या दहा जागांत अनुसूचित जातीला एक, जमातीला एक अशा जागा आहेत. सिनेटला जे चालते, ते वैद्यक परिषदेला का चालू नये?

तोवर मागच्या दाराची वाट पाहत बसू नये. आयोगावरच्या ९ जागा राज्य परिषदांच्या निवडून आलेल्या सदस्यांकरवी भरल्या जातात. म्हणजे दिल्लीची वाट राज्याच्या मतपेटीतून जाते. आपले किती डॉक्टर त्या मतपत्रिकेला हात लावतात? किती जण नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करून मतदारयादीत नाव राखतात? पॅनेल दुसऱ्यांचे, मते आपली, आणि निकालानंतर तक्रारही आपलीच, हे किती दिवस चालायचे?

सदस्य होणाऱ्यानेही समजून असावे, की तिथे सही ठोकायला जायचे नाही. सायमन कमिशनसोबत काम करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीत बाबासाहेब सदस्य होते. समितीचे मत पटले नाही, तेव्हा मे १९२९ मध्ये त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल सादर केला. एकटा सदस्य मतदानात हरतो, पण त्याची भिन्नमतपत्रिका कागदावर राहते. आणि आपल्या माणसाने आपल्या डॉक्टरला पाठीशी घालावे, असेही आम्ही म्हणत नाही. चुकलेला डॉक्टर कोणत्याही जातीचा असो, त्याला शासन व्हावे. आमचे म्हणणे इतकेच, की तक्रार घेऊन आलेल्या झोपडपट्टीतल्या बाईला इंग्रजी प्रतिज्ञापत्र जमले नाही म्हणून परत पाठवू नका. केसपेपर मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत, हा नियम २००२ पासून आहे. तो तिला कोणी सांगितला होता का, एवढे विचारणारा एक तरी सदस्य तिथे हवा.

हे परिचर्या परिषदेलाही तितकेच लागू आहे. आपल्या हजारो भगिनी वॉर्डात रात्रपाळ्या करतात. त्यांच्या व्यवसायाचे निर्णय त्यांच्यावाचून होऊ नयेत.

चळवळीतल्या डॉक्टर आणि परिचारिका संघटनांनी येत्या काळात तीन कामे हाती घ्यावीत. प्रतिज्ञेत आणि नियमांत ‘जात’ हा शब्द यावा यासाठी लेखी मागणी, परिषदांवर राखीव जागांसाठी विधिमंडळात व संसदेत पाठपुरावा, आणि पुढच्या निवडणुकीत आपले उमेदवार. सत्कार पुष्कळ झाले. आता मतदारयादी उघडा आणि आपले नाव आहे का ते पाहा.