मागच्या रांगांसाठी टाळ्या

किलार्नीच्या ग्लेनईगल हॉटेलला लागूनच हे सभागृह आहे. एरवी इथे गाण्याचे कार्यक्रम रंगतात. आज आयर्लंडचं नागरिकत्व घ्यायला आलेली शेकडो माणसं ठेवणीतले कपडे घालून बसली आहेत. त्यांत माझी भाची. मी आणि ताई मागे, नातेवाइकांत. सैन्याचा बँड वाजतो, ध्वज आत येतो. हिरवा, पांढरा, नारिंगी, पण पट्टे उभे. "आपलाच की रे, उभा धरलेला!" ताई कुजबुजते.

2011 पर्यंत नागरिकत्वाची शपथ जिल्हा न्यायालयात, किरकोळ खटल्यांच्या अधेमधे उरकली जायची. मग हे सोहळे सुरू झाले. निवृत्त न्यायमूर्ती ब्रायन मॅकमहॉन यांनी अनेक सोहळ्यांत नव्या नागरिकांना आवर्जून सांगितलं की, आपला देश विसरू नका, तुमची गाणी, तुमच्या गोष्टी सोबत आणा.

आजचे न्यायमूर्ती माइकपाशी येतात. मंत्र्यांचा उल्लेख एका वाक्यात आटोपतो. (आपल्याकडे एव्हाना व्यासपीठानं व्यासपीठाचं स्वागत करण्यात अर्धा तास गेला असता, शाल-श्रीफळ वेगळंच.) ते थेट आमच्याकडे हात करतात: यांनी तुमची पोरं सांभाळली, तुमच्या काळज्या वाहिल्या, यांच्यासाठी टाळ्या होऊ द्या. पुढचं अख्खं सभागृह खुर्च्यांतून मागे वळतं. ताईला इंग्रजी फारसं कळत नाही, पण ती पदर सावरून ताठ बसते.

मग शपथ. न्यायमूर्ती घाई करत नाहीत. दोन-चार शब्द म्हणतात, थांबतात, शेवटची रांग म्हणून होईपर्यंत वाट पाहतात. सुरुवातीलाच 'मी' म्हणून प्रत्येकानं आपलं नाव घ्यायचं आहे. एकाच क्षणी नायजेरियन, पोलिश, ब्राझिलियन, मल्याळी, मराठी नावं एकमेकांवर आदळतात, कुणाचं लांबलचक नाव सगळ्यांच्या मागून एकटंच संपतं आणि हशा पिकतो. न्यायमूर्तीही हसतात. पुढच्या ओळीला आवाज दुप्पट चढतो. राष्ट्रनिष्ठा, कायद्याचं पालन, लोकशाही मूल्यांचा आदर, सगळं खणखणीत.

"वडिलांचं नाव घेतलं ना गं?" बाहेर येताच ताईचा पहिला प्रश्न.

"घेतलं गं आई. मामा, आता भारतीय पासपोर्ट जमा करायचा. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही ना."

"पण ते मॅकमहॉन तर म्हणाले, आपला देश विसरू नका! हा मामा आत्ताच सांगत होता मला."

"विसरत कोण आहे? फॉर्म भरायचाय फक्त. चल, टांगा करू. तळ्याकाठी फोटो काढायचेत."