शिशु, आतप आणि सनस्क्रीन : मातेला काय सांगावे?

फाल्गुन सरून चैत्राचे ऊन तापू लागले, की चिकित्सालयात येणाऱ्या मातांच्या प्रश्नांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडते. "डॉक्टर, बाळाला सनस्क्रीन लावू का?" आणि त्यास जोडूनच, "आपल्याकडे आयुर्वेदिक मिळेल ना? म्हणजे अपाय नको." यांतील पहिला प्रश्न वैद्याकडे येतो. दुसरा बहुतेक वेळा थेट औषधी दुकानाच्या काउंटरवर विचारला जातो, आणि तेथे मिळणारे उत्तर नेहमीच शास्त्राला धरून असते असे आम्हांस म्हणवत नाही. 'आयुर्वेदिक म्हणजे निरुपद्रवी' या लोकविश्वासावर आपला व्यवसाय बऱ्याच अंशी उभा आहे. म्हणूनच जेथे रुग्ण स्वतः बोलू शकत नाही, तेथे या विश्वासाचा उपयोग फार जपून केला पाहिजे.

उत्तर प्रथम देतो. सहा महिन्यांच्या आतील शिशूला सनस्क्रीन नको. ते रासायनिक नको आणि वनौषधींचेही नको. त्याचे रक्षण सावलीने, वस्त्राने आणि वेळ पाळून करावयाचे. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन आणि तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोघांचाही सल्ला मूलतः हाच आहे. सावली व कपडे यांची सोय होणे शक्यच नसेल, तर चेहरा व हातांची पाठ एवढ्या लहान भागावर अल्प प्रमाणात लावण्याची मुभा तेवढी त्या संघटनेने ठेवली आहे. सहा महिन्यांनंतर जो भाग झाकता येत नाही, त्यावर झिंक ऑक्साईड किंवा टायटॅनियम डायऑक्साईड असलेले सनस्क्रीन चालते.

शिशूची त्वचा

वजनाच्या मानाने शिशूच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या दुपटीहून अधिक असते. त्वचेचा बाह्य स्तर पातळ असतो आणि रंगद्रव्याची निर्मितीही पुरती सुरू झालेली नसते. त्यामुळे प्रौढाला जेमतेम जाणवणारे ऊन शिशूला भाजू शकते, आणि त्वचेवर लावलेले द्रव्य त्याच्या शरीरात तुलनेने अधिक प्रमाणात शोषले जाऊ शकते. भ्राजक पित्त हे त्वचेवरील अभ्यंग, लेप आदींचे पचन करते असे आपण शिकलो. शिशूमध्ये त्याचे बल अद्याप अल्प आहे असे मानून लेपाची योजना करणे शहाणपणाचे.

शोषणाची ही भीती कल्पित नाही. सन २०१९ मध्ये अमेरिकी प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी २४ निरोगी प्रौढांच्या सुमारे ७५ टक्के शरीरावर दिवसातून चार वेळा सनस्क्रीन लावून रक्ततपासणी केली. ॲव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रायलिन व इकॅमसूल या चारही द्रव्यांची रक्तातील पातळी ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या मर्यादेपलीकडे गेली. या मर्यादेपलीकडे अपाय होतोच असे नव्हे. अधिक सुरक्षा-परीक्षण केल्याविना द्रव्य निर्धोक म्हणता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. त्याच वर्षीच्या प्रस्तावित नियमावलीत झिंक ऑक्साईड व टायटॅनियम डायऑक्साईड ही दोनच द्रव्ये सुरक्षित व परिणामकारक म्हणून मांडली गेली. शिशूंसाठी याच दोहोंची शिफारस होते ती यामुळे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. परदेशी जाहिरातींचे भाषांतर करून आपल्याकडे मातांना त्वचेच्या कर्करोगाचे भय दाखविले जाते. आपल्या वर्णाच्या लोकांत या रोगाचे प्रमाण फार अल्प आहे. आपल्या शिशूला उन्हाचा खरा धोका आहे तो भाजण्याचा, अंग तापण्याचा, शरीरातील जलांश घटण्याचा आणि डोळ्यांचा. यांपैकी अंग तापणे व जलांश घटणे या दोहोंवर कोणतेही सनस्क्रीन काम करीत नाही, हे मातेला आवर्जून सांगावे.

सावली, वस्त्र व वेळ

अष्टांगहृदयातील दिनचर्येत छत्र व पादत्राण धारण करून फिरण्यास सांगितले आहे. सुश्रुताने शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात ज्या गोष्टींपासून बालकाचे रक्षण करावे असे म्हटले, त्यांत वात व आतप यांची गणना केली आहे. तेथे लेप सुचविलेला नाही. उन्हापासून दूर ठेवणे हाच मार्ग सांगितला आहे, आणि आधुनिक शास्त्रही आज तेच सांगते.

वेळेसाठी सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडू लागली, की बाळाला उघड्यावर नेऊ नये. मे महिन्याच्या मध्यास मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीत जातो. महाबळेश्वरला हवा थंड म्हणून ऊन सौम्य, हा समज चुकीचा आहे. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के किरण परत फेकतो. तेव्हा छत्रीखालचे बाळही तेथे पूर्ण सुरक्षित नसते.

वस्त्र म्हणजे कोणतेही फडके नव्हे. पातळ पांढरा सुती कपडा घेतलेल्या किरणांपैकी साधारण सातवा हिस्सा आत सोडतो, आणि भिजला की त्याचे रक्षण निम्म्यावर येते. घट्ट विणीचे, सैल शिवलेले, पूर्ण बाह्यांचे सुती झबले आणि मानेवर झालर येणारे टोपडे उत्तम. आपली जुनी कुंची या दृष्टीने फार विचारपूर्वक शिवली जात असे. मात्र दुहेरी कापडाची वा जरीकाठाची कुंची उन्हाळ्यात नको. बाबागाडीवर दुपटे पांघरून चारही बाजू बंद करणे धोक्याचे, कारण आत हवा कोंडून बाळ तापते. दुचाकीवर आई-वडिलांच्या मध्ये ओढणीत गुंडाळलेल्या बाळाचीही हीच अवस्था होते.

मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील तान्ही बाळे गळीत हंगामात दिवसभर फडाच्या बांधावर झोळीत असतात. त्या मातेला सनस्क्रीनची नळी लिहून देणे हा विनोद ठरेल. तिला सांगावे, की झोळीवर एकच पातळ कापड न टाकता वीतभर अंतर ठेवून दोन कापडांचे छत करावे, सूर्य सरकेल तशी झोळी सरकवावी, ट्रॉलीखालची सावली कितीही दाट असली तरी तेथे बाळ कधीही ठेवू नये, आणि दर दीड-दोन तासांनी स्तन्य पाजावे. मुकादमाने त्यासाठी वेळ द्यावा म्हणून दोन शब्द बोलणे हेही त्या भागातील वैद्याचे काम आहे, असे आमचे मत आहे.

सहा महिन्यांच्या आतील शिशूला उन्हाळ्यातही पाणी, साखरपाणी वा वाळ्याचे पाणी देऊ नये. स्तन्य अधिक वेळा द्यावे. लघवी कमी होणे, टाळू खोल जाणे, बाळ मलूल होऊन ओढून न पिणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता बालरुग्णालयात पाठवावे.

तेल, भस्म आणि एसपीएफ

खोबरेल तेलात नैसर्गिक सनस्क्रीन असते, असे वाक्य अनेक उत्पादनांच्या माहितीपत्रकांत आढळते. सन २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तेले अल्कोहोलमध्ये विरल करून उपकरणाने त्यांचे एसपीएफ काढले गेले. त्यात नारळ तेलाचा आकडा सुमारे ७ आला व तीळ तेलाचा २ हून कमी. हे आकडे प्रयोगशाळेतील द्रावणाचे आहेत, मनुष्याच्या त्वचेवरील नव्हेत. आणि ७ हा आकडा जसाच्या तसा धरला तरी शिशूसाठी आवश्यक त्या ३० पासून तो फार दूर आहे. अभ्यंग हा शिशूचा उत्तम उपचार आहे, यात शंका नाही. तथापि अभ्यंगानंतर स्नान घालावे, अंग कोरडे करावे आणि मगच बाहेर न्यावे. तेलावर सनस्क्रीन लावल्यास त्याचा थर एकसारखा बसत नाही.

यशद भस्माविषयी आपल्या व्यवसायबंधूंकडून वारंवार विचारणा होते. यशद भस्म प्रामुख्याने झिंक ऑक्साईडच आहे, मग शतधौत घृतात मिसळून ते सनस्क्रीन का होऊ नये? कारण द्रव्य एक असले तरी कल्पना एक नव्हे. सनस्क्रीनमध्ये कणांचा आकार, त्यांचे समान विखुरणे आणि त्वचेवर सलग पापुद्रा धरणे यांवर रक्षण अवलंबून असते. खलात घोटलेल्या मिश्रणात कण गोळा होऊन मध्ये फटी राहतात. शिवाय कच्च्या यशदात शिसे व कॅडमियम यांचा अंश असू शकतो. शतधौत घृत हे दाहशामक म्हणून श्रेष्ठ आहे. त्यास ऊनरोधक म्हणून देऊ नये. लंगोटाच्या पुरळावरील झिंकचे मलम आणि कॅलामाइन यांनाही हेच लागू आहे. त्यांत झिंक आहे म्हणून माता ते बाळाच्या गालांना लावून निर्धास्त होतात, आणि चूक तेथेच होते.

याहून गंभीर बाब लिंबाची आहे. बाळाचा वर्ण उजळावा म्हणून साय, डाळीचे पीठ, हळद आणि लिंबाचा रस यांचे उटणे चोळण्याची प्रथा अद्याप अनेक घरांत आहे. लिंबातील फ्युरोकुमरिन द्रव्ये त्वचेवर असता ऊन लागले, तर एक-दोन दिवसांत लाली व फोड येतात आणि मागे महिनोन्महिने न जाणारे काळे पट्टे उरतात. लग्नसराईत असे पट्टे घेऊन येणारी बाळे आम्ही पाहिली आहेत. रस ओघळला त्या रेषेवर पट्टा उमटलेला असतो, आणि पुष्कळदा त्यास नागीण समजून भलताच उपचार झालेला असतो. बाकुचीतील सोरालेनची क्रियाही याच जातीची आहे. श्वित्रावर आपण तिचा उपयोग करतो तो याच गुणामुळे. शिशूच्या तेलात वा उटण्यात बाकुचीचा अंशही असू नये. मालिशवाल्या बाईंनी आणलेल्या तेलात काय आहे हे विचारण्याची सवय ठेवावी.

कोवळे ऊन

"सकाळचे कोवळे ऊन द्या, ड जीवनसत्त्व मिळेल" हे वाक्य आपण सर्वच जण उच्चारतो. कोवळे ऊन सुखद आहे, त्यास आमचा विरोध नाही. परंतु ड जीवनसत्त्व घडविणारे यूव्हीबी किरण सूर्य खाली असताना जमिनीवर फारच थोडे पोहोचतात. तिरुपती येथील व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्वचेत ड जीवनसत्त्व बनण्याची वेळ सकाळी ११ ते दुपारी २ अशी आढळली, आणि नेमक्या याच वेळी शिशूला बाहेर नेऊ नये असे आपण म्हणतो. या पेचातून वाट काढण्यास भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीने पहिल्या वर्षात रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व थेंबरूपाने देण्यास सांगितले आहे. स्तन्यात ते अत्यल्प असते. हे थेंब आपल्या पॅथीचे नाहीत म्हणून बंद करण्यास सांगणारे वैद्य आहेत. ते बाळाच्या हाडांशी खेळत आहेत असे आम्ही स्पष्ट म्हणतो. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळत नाही, कारण काच यूव्हीबी अडविते. नवजाताची कावीळही उन्हात ठेवून बरी करण्याचा प्रयत्न करू नये; तिच्यासाठी निळ्या प्रकाशाची विशिष्ट मात्रा लागते आणि ती रुग्णालयातच देता येते.

औषधी विक्रेत्यांसाठी

गेल्या काही हंगामांत विविध कंपन्यांची 'हर्बल बेबी सनस्क्रीन' बाजारात आली आहेत. एका प्रतिनिधीने आम्हांस एसपीएफ ५० ची नळी दाखविली. घटकांत कोरफड, चंदन, गाजरबीज तेल होते, झिंकचे नाव नव्हते. ५० हा आकडा कोठून आला असे विचारता त्यांनी दहावर दोनची योजना सांगितली!

एसपीएफ हा आयएसओ २४४४४ या पद्धतीने स्वयंसेवकांच्या त्वचेवर, दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन मोजला जातो. त्या चाचणीचा अहवाल मागावा; न मिळाल्यास माल ठेवू नये. आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक हा एसपीएफचा दाखला नव्हे. सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधन म्हणून विकले जात असल्यास त्यास सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० लागू होतात. वेष्टनावर झिंक ऑक्साईड, एसपीएफ ३० वा अधिक, यूव्हीएसाठी पीए+++ आणि मुदतीची तारीख पाहावी. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवितो. तेव्हा ५० व १०० साठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही. फवारा नको, कारण तो श्वासात जातो. सुगंधी नको. डास-प्रतिबंधक मिसळलेले तर मुळीच नको, कारण सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावे लागते आणि डासांचे औषध तितक्या वेळा लावणे अनुचित. ग्राहकाने बाळासाठी मागितल्यास प्रथम बाळाचे वय विचारावे. सहा महिन्यांच्या आत असेल तर नळीऐवजी टोपडे घेण्यास सांगावे. त्यात विक्री बुडते हे खरे.

मोठ्या बाळास लावताना आधी दंडाच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस पाहावे. बाहेर निघण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे लावावे. डोळ्यांभोवती आणि तोंडात जाणाऱ्या बोटांवर लावू नये. घरी आल्यावर कोमट पाण्याने धुवावे.

इतके करूनही बाळ भाजलेच, तर साध्या गार पाण्याची ओली घडी ठेवावी, बर्फ नको, आणि स्तन्य वारंवार द्यावे. त्वचा अखंड असेल तर दाह उतरल्यावर शतधौत घृताचा पातळ हात द्यावा. ताजी कोरफड वापरावयाची झाल्यास पान कापून उभे ठेवावे, पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, मगच आतील गर घ्यावा. तो चीक शिशूच्या त्वचेस झोंबतो. फोड आल्यास ते फोडू नयेत व त्यावर कोणताही लेप देऊ नये. एक वर्षाच्या आतील बाळास फोड, ज्वर किंवा ग्लानी यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे, आणि त्वचेवर काय लावले होते ते चिठ्ठीत लिहून द्यावे.