सूड आणि बंधुप्रेम

भावासाठीं घेतलेला सूड हा बंधुप्रेमाचा पुरावा मानावा काय? 'डेड मॅन्स शूज' या २००४ सालच्या इंग्रजी चित्रपटाचा सारा रोख या प्रश्नाकडे आहे. दिग्दर्शक शेन मेडोज व प्रमुख नट पॅडी कॉन्सिडाइन हे दोघेही त्याच्या लेखनांत सहभागी होते. चित्रण इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यांत, मॅटलॉक गांवाच्या परिसरांत झालें.

कथानक थोडक्यांत असें. रिचर्ड हा सैन्यांतून परतलेला शिपाई. त्याचा धाकटा भाऊ अँथनी मंदबुद्धि व भोळा. तो सैन्यांत असतांना गांवांतील मादक पदार्थ विकणाऱ्या टोळक्यानें अँथनीचा अनन्वित छळ केलेला असतो. दोघे भाऊ गांवाबाहेर पडक्या जागीं राहतात आणि रिचर्ड एकेका अपराध्यास गांठूं लागतो.

हे अपराधी कोणी अक्राळविक्राळ राक्षस नव्हेत. एका चिमुकल्या मोटारींत दाटीवाटीनें बसून हिंडणारीं तीं हास्यास्पद माणसें आहेत. रिचर्ड त्यांच्याच मादक द्रव्यानें त्यांचें भान हरपवितो आणि मग त्यांचा वध करतो. निजलेल्या शिबिरांत शिरणाऱ्या अश्वत्थाम्याची येथें आठवण होते. पित्याच्या वधाचें त्याचें दुःख खरें होतें. पण त्या रात्रीचें कृत्य त्या दुःखानें शुद्ध झालें नाहीं.

अखेरीस उलगडा होतो. अँथनी केव्हांच मरण पावलेला आहे. छळानंतर त्यानें एका पडक्या किल्ल्यांत गळफास लावून घेतला होता. रिचर्डच्या सोबतीस दिसणारा भाऊ केवळ त्याच्या मनांतला. टोळक्यांतला मार्क आतां बायकामुलांत रमलेला गृहस्थ आहे. त्यास रिचर्ड त्याच किल्ल्यांत नेतो, आणि तेथें कबुली देतो ती स्वतः रिचर्डच. भाऊ जिवंत असतांना त्याला त्याची लाज वाटत असे. आतां आपणच राक्षस झालों आहों, असें जाणून तो मार्कच्याच हातून मरण मागून घेतो.

म्हणजे सुडाच्या मुळाशीं प्रेमाइतकाच पश्चात्तापहि होता. इतरांस दिलेल्या शिक्षेनें तो शमला नाहीं. चित्रपटांतील हिंसा भीषण आहे, मुलांनीं तो पाहूं नये. परंतु घरांत एखादें मंदबुद्धि भावंड असलेल्या वडीलधाऱ्यांनीं त्याचा अवश्य विचार करावा. चार लोकांत अशा भावाचा हात धरून चालणें हीच खरी निष्ठा होय, आणि तिची वेळ तो हयात असेपर्यंतच असते.