पोटातला गॅस की हृदयाचा झटका? खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक ओळखा

मागच्या रमजानमधली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातले साठी ओलांडलेले एक चाचा मगरिबची नमाज पढून घरी आले, जेवले आणि अर्ध्या तासात पोट धरून बसले. "जळजळतंय, भजी जास्त झाली वाटतं," म्हणाले. घरच्यांनी सोडा दिला, मग ओवा दिला. उलटी झाली. अंगाला दरदरून घाम सुटला. तरी सगळ्यांचं एकच, "गॅस है, उतर जाएगा." तास गेला. मग शेजारच्या एका भल्या माणसाने खिशातून 'हार्टवाली गोळी' काढली आणि चाचांच्या जिभेखाली ठेवली. पाच-दहा मिनिटांत चाचांचे हातपाय गार पडले, शुद्ध हरपायला लागली. नशीब की तोवर कुणीतरी १०८ ला फोन लावला होता. दवाखान्यात ईसीजी काढल्यावर कळलं की हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका आला होता.

अलहम्दुलिल्लाह, चाचा आज चालते-फिरते आहेत. पण त्या रात्री दोन चुका झाल्या आणि दोन्ही चांगल्या मनाने झाल्या. पहिली, झटक्याला गॅस समजून वेळ घालवला. दुसरी, डॉक्टरला न विचारता जिभेखालची गोळी दिली. या दोन्ही चुका उद्या तुमच्या-आमच्या घरात होऊ शकतात. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. म्हणून औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच, पण वैद्यकशास्त्रात जे सर्वमान्य आहे ते साध्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न.

खालची भिंत म्हणजे नेमकी कुठली?

आपलं हृदय छातीत उभं टांगलेलं नसतं. ते थोडं आडवं, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर टेकलेलं असतं. पडद्यावर टेकलेला जो भाग, तीच खालची भिंत. त्याच पडद्याच्या खाली आपलं जठर. म्हणजे हृदयाची ही बाजू आणि पोट जवळजवळ शेजारी-शेजारी राहतात.

या भिंतीला रक्त पुरवण्याचं काम दहापैकी साधारण आठ माणसांत उजवी हृदयधमनी करते. बाकीच्यांत डाव्या धमनीची एक फांदी करते. धमनीत चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते, रस्ता बंद होतो आणि त्यापुढचा स्नायू उपाशी राहून मरायला लागतो. हाच हार्ट अटॅक. एकूण झटक्यांपैकी सुमारे ४० टक्के झटक्यांत खालची भिंत सापडते.

लक्षणं पोटाची का वाटतात?

हृदयाच्या या भागातून निघणाऱ्या नसा पोटाशी नातं असलेल्या नसांशी जोडलेल्या आहेत. त्यामुळे छातीच्या डाव्या बाजूला कळ येण्याऐवजी बेंबीच्या वर, छातीच्या पिंजऱ्याखाली दुखतं किंवा जळजळतं. मळमळतं, उलटी होते, कधी उचक्या लागतात. थंड घाम येतो, नाडी मंद होते, चक्कर येते.

मग गॅस आणि झटका यांत फरक कसा करायचा? खरं सांगायचं तर घरी बसून खात्रीने करता येत नाही, डॉक्टरलाही ईसीजीशिवाय करता येत नाही. पण काही खुणा धोक्याच्या आहेत. पोटदुखीबरोबर थंड घाम येणं, दुखणं जबडा, खांदा, हात किंवा पाठीकडे जाणं, धाप लागणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं आणि १५-२० मिनिटांतही त्रास न थांबणं. यातलं काहीही असेल तर ओवा-सोडा बाजूला ठेवा.

मधुमेह असलेल्यांत, वयस्कर माणसांत आणि बायकांत तर कळ अगदी कमी असू शकते. नुसता थकवा, मळमळ, दम. आपल्या घरातल्या अम्मी आणि खाला "काही नाही, दगदग झाली" म्हणत स्वयंपाकघरात उभ्याच राहतात. त्यांच्या बाबतीत तर जास्तच जागं राहायला हवं.

ईसीजीत काय दिसतं?

दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघावा, असा नियम आहे. ईसीजीच्या बारा लीड म्हणजे हृदयाकडे बारा खिडक्यांतून बघणं. त्यातल्या तीन खिडक्या, लीड २, लीड ३ आणि एव्हीएफ, खालच्या भिंतीकडे उघडतात. या तिन्हींत एसटी नावाची रेघ वर उचललेली दिसली आणि समोरच्या एव्हीएल लीडमध्ये ती खाली गेलेली दिसली, तर खालच्या भिंतीचा झटका समजतात. लीड ३ मधली रेघ लीड २ पेक्षा जास्त उचललेली असेल तर बहुधा उजवी धमनी बंद असते.

इथे एक पायरी फार महत्त्वाची आहे. असा ईसीजी दिसला की छातीच्या उजव्या बाजूला पट्ट्या लावून आणखी एक ईसीजी काढायचा असतो. त्यात व्ही-४ आर नावाची लीड बघतात. खर्च काही नाही, वेळ दोन मिनिटं. यावरून कळतं की झटक्यात हृदयाचा उजवा कप्पाही सापडलाय का. गरज पडली तर पाठीवर पट्ट्या लावून मागची भिंतही तपासतात.

पहिला ईसीजी साधा आला म्हणून लगेच घरी निघू नका. त्रास चालू असेल तर तो १५-३० मिनिटांनी पुन्हा काढतात. ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणीही पहिल्या काही तासांत नॉर्मल येऊ शकते, म्हणून तीही परत करतात. पण ईसीजी स्पष्ट असेल तर रक्ताच्या रिपोर्टसाठी उपचार थांबवत नाहीत.

उजवा कप्पा आणि ती गोळी

हृदयाचा उजवा खालचा कप्पा रक्त फुफ्फुसाकडे ढकलतो. तिथून शुद्ध होऊन ते डाव्या बाजूला येतं आणि अंगभर जातं. हा रस्ता तेराव्या शतकात इब्न अन-नफीस या दमास्कसकडच्या हकीमाने लिहून ठेवला. इब्न सिनांच्या ग्रंथावरच्या आपल्या टीकेत १२४२ च्या सुमारास त्यांनी सांगितलं की दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून रक्त आरपार जात नाही, ते फुफ्फुसातूनच जातं. युरोपात ही गोष्ट तीनशे वर्षांनी लिहिली गेली.

आता हाच रस्ता डोळ्यांपुढे ठेवा. खालच्या भिंतीच्या झटक्यात साधारण तीनपैकी एका रुग्णात उजवा कप्पाही जखमी होतो. मग तो रक्त पुढे ढकलू शकत नाही. मागून शिरांतून जेवढं रक्त भरून येईल तेवढ्याच जोरावर कसंबसं काम चालतं. अशा वेळी जिभेखालची गोळी, म्हणजे लोक जिला सॉर्बिट्रेट म्हणून ओळखतात ती किंवा नायट्रोग्लिसरीन, शिरा सैल करते. रक्त शिरांतच साठून राहतं, कप्प्यात पुरेसं येत नाही आणि बीपी धाडकन खाली येतं. चाचांचं हेच झालं.

ही गोळी वाईट नाही. डॉक्टरांनी ज्याला लिहून दिली आहे, त्याच्यासाठी ती उपयोगाची आहे. पण "छातीत दुखलं की कुणालाही द्या" असे जे मेसेज फिरतात ते धोक्याचे आहेत. बीपी कमी असेल, नाडी फार मंद असेल किंवा उजवा कप्पा सापडला असेल, तर ती टाळतात. सिल्डेनाफिलसारखी लैंगिक ताकदीची गोळी गेल्या २४ तासांत (टाडालाफिल असेल तर ४८ तासांत) घेतली असेल तरीही टाळतात. डॉक्टरने विचारलं तर लाजून लपवू नका, जिवाचा प्रश्न आहे.

उजवा कप्पा सापडलेल्या रुग्णाला बीपी सावरण्यासाठी डॉक्टर सलाईन देतात, तेही मोजून-मापून. गरज लागली तर बीपी वाढवणारी औषधं देतात.

नाडी मंदावली तर

उजवी धमनी दहापैकी नऊ माणसांत हृदयातल्या त्या गाठीलाही रक्त देते, जिच्यातून विजेचा संदेश वरून खाली जातो. म्हणून या झटक्यात 'हार्ट ब्लॉक' होऊन नाडी ४० च्या खाली जाऊ शकते. आधी अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन देतात, त्याने भागलं नाही तर शिरेतून तात्पुरता पेसमेकर बसवतात. नातेवाइकांना 'ब्लॉक' ऐकून धडकी भरते. पण हा ब्लॉक धमनी उघडल्यावर बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप जातो.

मुख्य उपचार एकच: बंद धमनी उघडणं

पहिला मार्ग अँजिओप्लास्टी. मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून धमनी उघडतात आणि स्टेंट बसवतात. निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत हे होऊ शकत असेल तर हाच उत्तम मार्ग. गाव लांब असेल आणि तेवढ्या वेळात पोचणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज, जवळच्याच दवाखान्यात देतात. ते १२ तासांपर्यंत देता येतं, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. इंजेक्शननंतरही रुग्णाला मोठ्या दवाखान्यात हलवून साधारण २४ तासांच्या आत अँजिओग्राफी करतात. जोडीला अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारखं दुसरं औषध, हेपरिन आणि स्टॅटिन. अलीकडे मेंदूत रक्तस्राव, मोठं ऑपरेशन असं काही झालं असेल तर गुठळीचं इंजेक्शन देत नाहीत, म्हणून जुने कागद सोबत न्या.

समोरच्या भिंतीच्या झटक्यापेक्षा खालच्या भिंतीचा झटका साधारणपणे कमी जीवघेणा मानतात. पण उजवा कप्पा सापडला की धोका वाढतो. म्हणून "छोटा अटॅक है" असं कुणी म्हटलं तरी गाफील राहू नका.

घरी आपण काय करायचं?

१. १०८ ला फोन करा. २०१४ पासून महाराष्ट्रात ही अ‍ॅम्ब्युलन्स मोफत आहे. ती वेळेत येत नसेल तर मिळेल त्या गाडीने निघा, पण रुग्णाला दुचाकीवर बसवू नका आणि त्याला गाडी चालवू देऊ नका.

२. रुग्णाला चालवू नका, जिना चढवू-उतरवू नका. चक्कर येत असेल तर आडवं झोपवा.

३. अ‍ॅलर्जी, अल्सर किंवा रक्तस्राव नसेल तर डॉक्टरला फोनवर विचारून ३०० मिलिग्रॅमच्या आसपास अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. जिभेखालची गोळी स्वतःच्या मनाने नको.

४. जिथे ईसीजी निघतो अशाच दवाखान्यात जा.

५. शुद्ध गेली आणि श्वास थांबला तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा.

रोजा, पर्दा आणि पैसा

आपल्याकडे उशीर होण्याची तीन कारणं आम्ही पाहिली. एक, "रोजा मोडेल." सूरह बकरामध्ये आजाऱ्याला रोज्याची सवलत स्पष्ट दिलेली आहे, नंतर कजा करता येतो. दुसरं, छाती उघडून ईसीजी काढायची लाज. बहिणींनो, नर्सबाई मागा, पडदा ओढायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. पण ईसीजी नाकारू नका. तिसरं, खर्चाची भीती. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठा.

बरं झाल्यावर स्टेंटच्या गोळ्या स्वतः बंद करू नका. तंबाखू, मिश्री, गुटखा सुटायलाच हवा. पुढच्या रमजानचे रोजे किंवा उमराह, दोन्हीचा निर्णय आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारून घ्या.

यंदा चाचांनी रोजे ठेवले नाहीत, डॉक्टरांनी मना केलं होतं. पण इफ्तारच्या वेळी ते मशिदीच्या ओट्यावर बसून पोरांना सांगत होते, "पोटात जळजळून घाम आला ना, तर आधी ईसीजी. सोडा नंतर." तेवढं वाक्य प्रत्येक घरात पोचलं तरी आमच्या लिहिण्याचं सार्थक झालं.