एक पिकअप, दोन आवाज

गिटार एकच, त्यात पिकअपही एकच. तरी कॉर्ड्ससाठी एक टोन आणि लीडसाठी दुसरा, असं जमू शकतं. त्यासाठी लागतो एक छोटा स्विच, तीन वायरचा पिकअप आणि थोडं सोल्डरिंग.

सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणाऱ्या फास्ट लोकलमध्ये पाठीवर गिटार घेऊन कधी चढलायत? ‘ओ भाऊ, बॅग पुढे घ्या’ इथपासून सुरुवात होते आणि ठाणं येईपर्यंत गिटारच्या मानेची काळजी करतच उभं राहावं लागतं. एका गिटारची ही गत, तर फेस्टला दोन कोण नेणार? पण बँडला तर दोन्ही हवं असतं. कडव्याला खणखणीत, स्वच्छ आवाज आणि सोलोला भरदार, जाड आवाज. त्यात तुमच्या गिटारला पिकअप एकच असेल, तर सिलेक्टर स्विच फिरवून दुसरीकडे जायची सोयही नाही.

एक पिकअप म्हणजे गिटार कमअस्सल, असं मात्र समजू नका. फेंडरची १९५० सालची एस्क्वायर एकाच पिकअपची होती आणि तरीही तिच्यावर तीन जागांचा स्विच होता. एका जागी पिकअप टोनच्या नॉबला वगळून थेट व्हॉल्यूमला जायचा, दुसऱ्या जागी टोनचा नॉब चालू व्हायचा, तिसऱ्या जागी कपॅसिटरमुळे आवाज खोल आणि बोजड व्हायचा. आपल्याकडचं उदाहरण तर तुम्ही लहानपणापासून ऐकताय. गणपतीच्या मिरवणुकीतला बँजो, ज्याच्यावर रवी जाधव यांनी २०१६ मध्ये रितेश देशमुखला घेऊन हिंदी सिनेमा केला, तो मुळात बुलबुलतरंग. हे वाद्य जपानच्या नागोयात १९१२ मध्ये तयार झालेल्या ताइशोगोतोच्या घराण्यातलं. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, स्पीकरला जोडलं आणि अख्खा रस्ता नाचवला.

बारावीचं फिजिक्स आठवा

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. गिटारची स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. बोर्डाला ज्याच्यावर गणितं सोडवलीत, ते तुमच्या गिटारमध्ये रोज घडतंय. स्ट्रॅटसारख्या पिकअपमध्ये साधारण साडेसात-आठ हजार वेढे असतात आणि तार असते ०.०६३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ केसाइतकी.

वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, पण त्याची चमकही कमी होते. कारण इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा एका कॉइलला दहा हजार वेढे आहेत. त्यातले सातच हजार वापरले, तर इंडक्टन्स जवळपास निम्म्यावर येतो. पिकअप ज्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात जोरात बोलतो, ती मग ढोबळमानाने १.४ पट वर सरकते. कानाला आवाज थोडा बारीक, पण उजळ आणि मोकळा लागतो.

टॅप केलेल्या पिकअपमध्ये हीच गंमत आहे. कॉइल गुंडाळताना मध्येच एक वायर बाहेर काढायची आणि पुढे गुंडाळत राहायचं. डिप्लोमा किंवा बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हे लगेच कळेल. पॉवर सप्लायच्या प्रोजेक्टला जो १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर आणता, त्यातली मधली शून्याची वायर म्हणजे टॅपच. फक्त पिकअपचा टॅप बरोबर मध्यावर असेलच असं नाही.

कॉइल-स्प्लिट ही वेगळी गोष्ट, गल्लत करू नका. हंबकरमध्ये दोन कॉइल असतात आणि त्यातली एक बंद करणं म्हणजे स्प्लिट. टॅपमध्ये कॉइल एकच असते, आपण तिचा काही भाग वापरतो.

तीन वायर ओळखायच्या कशा?

पिकअपसोबत कागद आला असेल तर त्यावरचे रंग पाळा. कागद नसेल तर मल्टिमीटर २० के-ओहमवर लावा आणि दोन-दोन वायरींच्या तिन्ही जोड्या मोजा. समजा १०.२, ६.६ आणि ३.६ असे आकडे आले. सगळ्यात मोठा आकडा ज्या जोडीचा, ती कॉइलची दोन टोकं. उरलेली वायर म्हणजे टॅप. उरलेल्या दोन आकड्यांची बेरीज मोठ्या आकड्याइतकी आली, म्हणजे मोजमाप बरोबर.

आता ग्राउंड कुठलं? ज्या टोकापासून टॅपपर्यंत ६.६ दाखवतंय, ते ग्राउंडला घ्या, म्हणजे टॅपवर आवाज फार पडणार नाही. पिकअपच्या धातूच्या प्लेटला एखादं टोक आधीच जोडलेलं असेल, तर मात्र तेच ग्राउंड. एका पिकअपचा इथे एक फायदाही आहे. दुसरा पिकअपच नसल्यामुळे फेज उलटी झाली तरी काही बिघडत नाही.

जोडणी

दुकानात तीन पायांचा ‘ऑन-ऑन’ मिनी टॉगल मागा. ‘ऑन-ऑफ-ऑन’ घेतलात तर मधल्या जागी गिटार गप्प बसेल. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हा स्विच सहज मिळतो. दादरला उतरून वेस्टर्नने पुढे जा. मग जोडणी अशी:

पिकअपचं ग्राउंडचं टोक व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर.
दुसरं टोक टॉगलच्या एका कडेच्या पायाला.
टॅपची वायर टॉगलच्या दुसऱ्या कडेच्या पायाला.
टॉगलचा मधला पाय व्हॉल्यूम पॉटच्या त्या पायाला, जिथे आधी पिकअपची गरम वायर होती.

झालं. टोनचा नॉब, कपॅसिटर, जॅक यांना हात लावायचा नाही. टॅप चालू असताना कॉइलचं दुसरं टोक मोकळं राहतं, ते तसंच राहू द्या. ‘लोंबकळतंय’ म्हणून ते ग्राउंडला जोडलंत, तर कॉइलचे दोन भाग एकमेकांच्या विरोधात लागतील आणि आवाज मरेल.

गिटारला भोक पाडायचं नसेल तर टोनच्या जागी पुश-पुल पॉट बसवा. नॉब वर ओढला की टॅप, दाबला की पूर्ण कॉइल. उद्या गिटार विकायची झाली तरी ती जशीच्या तशी दिसेल.

उघडण्याआधी तारा सैल करा आणि आतल्या वायरिंगचा मोबाइलवर फोटो काढा. पॉटची पाठ सँडपेपरने जरा घासून घ्या, सोल्डर चटकन धरतं. जोडून झाल्यावर तारा चढवायच्या आधीच केबल लावून पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने हलकं टकटक करा. दोन्ही जागी आवाज आला, की मगच कव्हर बंद करा.

काय करू नका

साध्या, दोन वायरच्या पिकअपची कॉइल सोलून मधूनच टॅप काढायच्या फंदात पडू नका. ती तार नुसत्या नखाने तुटते आणि तुटली की पिकअप गेला. पंखा-मोटार वाइंडिंगच्या दुकानातही तो थेट नेऊन देऊ नका. सीलिंग फॅनची तार याच्या साधारण तिप्पट जाड असते, त्यामुळे इतक्या बारीक तारेचं काम केलंय का, हे आधी विचारा. नाहीतर टॅप असलेला तयार पिकअपच घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. गिटारच्या तारा ब्रिजमधून ग्राउंडला आणि तिथून केबलने अॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. म्हणजे तुमचा हात कायम अॅम्पशी जोडलेला. जुन्या इमारतीतलं सॉकेट, अर्थची पिन तोडलेला प्लग, पावसात ओला झालेला मांडव, त्यात माइकला ओठ लागले तर काय होईल याचा विचार करा. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सीत ‘स्टोन द क्रोज’चा गिटारिस्ट लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. तेव्हा गिटारच्या आत बिनधास्त काम करा, तिथे पिकअपचं व्होल्टेज अगदी क्षुल्लक असतं आणि केबल काढलेली असेल तर धोका नाही. पण अॅम्प उघडू नका, टू-पिनचा जुगाड करू नका आणि तालमीच्या खोलीतलं सॉकेट एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा.

सगळं जमलं की एकच फ्रेज दोन्ही जागी वाजवा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ड्रमरला ऐकवा. टॅपवर आवाज थोडा कमी वाटेल, ते अपेक्षितच आहे. कडव्याला गायकाच्या आवाजाखाली राहा आणि सोलो आला की स्विच टाका, आवाज आपोआप पुढे येईल.